रस्त्यावरचं भात

परवा पनवेलजवळ नेऱ्याच्या पुढे, जिथं रस्ता डोंगराच्या कडेने वळतो, तिथं एका बाईने अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. ताडपत्री अपुरी पडली असावी. उरलेलं भात तिने सरळ डांबरावर पसरलं होतं आणि ती अनवाणी पायांनी त्यात रेघा ओढत सावकाश चालली होती. मी मोटरसायकलवरून उतरले, इंजिन बंद केलं आणि हँडल धरून कडेच्या गवतातून गाडी ढकलत न्यायला लागले. पाठीवर रक्ताचे नमुने ठेवायची पेटी होती.

"अगं बाय, जा ना वरशी," ती म्हणाली. "गाडीनं काय व्हनार हाय त्याला? साल तं काढायचीच हाय."

मी हसले, पण ढकलतच गेले. ओलसर पेंढा आणि तापायला लागलेलं डांबर, दोन्हींचा मिळून एक वास येत होता. माझ्या लहानपणी विचुंब्याला, माहेरी, घरचं भात होतं, पेंढ्याची उडवी होती, फक्त डांबर नव्हतं. रस्ताच मातीचा होता. हा जोडवास मला नंतर भेटला, परक्या देशात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तिथं मी पहिल्यांदा मोटरसायकलचं हँडल हातात घेतलं, तेही भात कापायचेच दिवस होते. तेव्हापासून दरवर्षी कापणी आली की माझं मन एकाच वेळी दोन गावांत असतं.

मंगेशला, माझ्या नवऱ्याला, व्हिएतनाममध्ये नोकरी लागली होती. देशाच्या दक्षिणेला मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी फाटे फाटे होऊन पसरते. तिथल्या एका लहानशा गावाबाहेर कोळंबीचं खाद्य बनवणारा कारखाना होता. मी पनवेलमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा वर्षं काम करत होते. लॅब सोडली आणि त्याच्याबरोबर गेले. आम्हाला मूल नाही. डॉक्टर, उपचार, देवदेव, सगळं करून झालं होतं आणि शेवटी त्याविषयी बोलणंही थांबलं होतं. आम्हा दोघांनाही वाटलं, लांब गेलो की काहीतरी हलेल.

हललं काहीच नाही. मंगेश सकाळी सहाला कंपनीच्या गाडीने जायचा आणि दिवेलागणीला यायचा. मधले बारा तास मी एका मजल्यावर बसून असायचे. बाजार तीन किलोमीटरवर. रिक्षा नाही, बस नाही, चालणारं माणूस नाही. त्या देशात सगळेच दुचाकीवर असतात. शाळेत जाणारी मुलं, कोंबड्यांचे पिंजरे, कपाटं, लग्नाचा केक, सगळं दुचाकीवरून जातं. मी खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं, वाहत्या नदीच्या काठावर आपण एकट्याच उभ्या आहोत.

आईचा फोन यायचा विचुंब्याहून. "मावरा मिलतं ना तिथं?"

"मिळतं गं, रोज मिळतं."

"मंग झाला. जिथं मावरा हाय तिथं मानूस मरत नाय."

मरत नाही हे खरं होतं. पण जगायला नुसती मासळी पुरत नाही, हे तिला फोनवर कसं सांगणार?

आम्ही राहायचो त्या घराची मालकीण खाली राहायची. साठीची, एकटी, हाडकुळी बाई. तिकडे दक्षिणेत घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला 'दोन' म्हणतात. एक नंबर कुणालाच देत नाहीत. दोन म्हणजे हाय. आणि को म्हणजे आत्याच्या वयाची बाई. मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दारावर थाप पडली आणि मी घरच्या बोलीत विचारलं, "कोन हाय?"

बाहेरून उत्तर आलं, "को हाय."

दाराची कडी काढेपर्यंत मला खरंच वाटलं, आपल्याकडचंच कुणीतरी आलंय. दारात को हाय उभी होती, हातात केळफुलाची कोशिंबीर घेऊन. मी तिथंच हसत सुटले. तिला कारण कळलं नाही, पण तीही हसली. कित्येक दिवसांत मी हसले नव्हते, हे मला नंतर जिना चढताना जाणवलं.

आमची भाषा म्हणजे पन्नासेक शब्द, हातवारे आणि फोनमधलं भाषांतर. मी फोनमध्ये बोलायचे, फोन तिच्या भाषेत बोलायचा, ती भुवया चढवायची. फोन काय सांगायचा देव जाणे. एकदा मी तिला म्हटलं, मला करमत नाही. तिने मला पोटदुखीचा पाला आणून दिला.

तिच्या ओट्यावर एक लाल मोटरसायकल असायची, जुन्या टेबलक्लॉथखाली झाकलेली. लहान इंजिनची, हातात क्लच नसलेली, गिअर पायाने टाकायचे. अशा गाडीला तिथं लायसन्सही लागत नसे. को हाय रोज सकाळी कापड काढायची, गाडी पुसायची आणि परत झाकायची. चालवताना मात्र तिला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, नवऱ्याची आठवण असेल.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष होऊन गेलं आणि शेतं पिवळी झाली. तिकडे भात वर्षातून तीनदा काढतात. आपल्याकडे शिमग्याची लाकडं जमवायचे दिवस असतात, तेव्हा तिथं सगळ्यात मोठी कापणी चालते. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ आणि रस्त्यांच्या कडेला मैलोनमैल सोनेरी भात. त्या वासाने मी आतून उसवले. एका दुपारी मंगेशला न सांगता मी परतीचं तिकीट काढलं, होळीनंतरचं, एकटीचं. संध्याकाळी त्याला सांगितलं. तो भात कालवत होता. कालवायचा थांबला, मग म्हणाला, "बरं." एवढंच. ते 'बरं' ऐकून मला वाटलं, संपलं आता. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी को हायलाही सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले, विचार केला आणि फोन तोंडाजवळ धरून काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "मी तुला गाडी शिकवते. मग तू मला 'बा'कडे घेऊन जा."

आपल्या बोलीत बा म्हणजे बाप. मला वाटलं, हिचा म्हातारा बाप कुठंतरी आहे. साठीच्या बाईचा बाप म्हणजे नव्वदीचा असणार. मला कणव आली, मी लगेच हो म्हटलं.

शिकवणं सुरू झालं ते कापून मोकळ्या झालेल्या शेतात. खाली भाताची खोडं, वर पेंढा, पडलं तरी लागायचं नाही. मी पहिल्याच दिवशी चारदा पडले. को हाय बांधावर उभी राहून हातातला पंखा हलवायची आणि सारखी "तू तू, तू तू" म्हणायची. मला राग यायचा, की मी काय एकटीच चुकते? मग कळलं, तू-तू म्हणजे हळूहळू. माझे हात हँडलवर आवळले गेले की ती जवळ येऊन पंख्याने मनगटावर चापटी मारायची. हात सैल, खांदे सैल, नजर लांब. सातव्या-आठव्या दिवशी मी त्या शेताला पूर्ण फेरी मारली. वारा कानांवर लागला. मी बारा वर्षांची असताना भावाची सायकल चोरून विचुंब्याच्या बांधावरून पळवली होती, तेव्हा असा वारा लागला होता. मधली सत्तावीस वर्षं मी कुठं होते, असं मनात आलं.

जायच्या दिवशी सकाळी तिने मला फुलाफुलांचं जॅकेट घातलं, हातमोजे दिले, तोंडाला फडकं बांधलं. स्वतः गुलाबी हेल्मेट घालून मागे बसली. निघण्याआधी मी फोनवर विचारलं, "तुमचे वडील किती वर्षांचे आहेत?"

ती गोंधळली. मग तीन बोटं वर केली. बा म्हणजे तीन. तीन नंबरची, तिच्या पाठची बहीण. फोनने पुढचं सांगितलं, त्याच्या कोरड्या आवाजात: "तीन नंबरची बहीण नऊ वर्षं माझ्यावर रागावली आहे."

मग इंजिन बंद करून मला सगळं ऐकावं लागलं. आई को हायकडे होती. आजारी पडली. बाच्या शेतात तेव्हा कापणी चालू होती. को हायला वाटलं, साधा ताप आहे, उतरेल, उगाच तिला कामातून कशाला बोलवा? तिसऱ्या दिवशी आई गेली. जाण्याआधी तिने दोनदा बाचं नाव घेतलं. बा आली तेव्हा आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. ती एवढंच म्हणाली, "आई माझीपण होती." त्यानंतर नऊ वर्षं नदीच्या या काठाने त्या काठाशी एक शब्द काढला नव्हता.

"मग आता का जायचं?" मी विचारलं.

को हायने माझा हात धरून आपल्या डोळ्यांजवळ नेला. सकाळच्या उन्हात बुबुळांवर दुधाळ पडदा दिसला. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेली मी, माझ्या कसं लक्षात आलं नाही? मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. म्हणूनच गाडी झाकून ठेवलेली होती. ऑपरेशनला ती घाबरत होती. शेजारच्या कुणाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. फोन म्हणाला, "दिसतं आहे तोवर तिला बघायचं आहे."

मी किल्ली फिरवली.

तीस किलोमीटरचा रस्ता असेल. कालव्याच्या कडेने, नारळांच्या सावलीतून, एका मागोमाग एक लाकडी पुलांवरून. मग फेरीबोट. आपल्याकडे करंजाहून रेवसला लाँच जाते तसलं पाणी, पण बोट सपाट, आणि तिच्यावर शंभरेक दुचाक्या अंगाला अंग लावून उभ्या. मी त्या गर्दीत पाय टेकून उभी होते. माझ्या उजवीकडे एक माणूस, त्याच्या मांडीवर बदकांची टोपली. डावीकडे लिपस्टिक लावलेली तरुण मुलगी. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिथली कुणीतरी वाटत होते.

पलीकडे उतरलो आणि भाताचा रस्ता सुरू झाला. अर्ध्यावर भात आणि उरलेल्या अर्ध्यावर पेंढा पसरलेला. पेंढ्यावर ते अळंबी पिकवतात, म्हणून तोही वाळवून ठेवतात. दुसरी वाटच नव्हती, लोक त्यावरूनच गाड्या नेत होते. मीही नेली. थोड्या वेळाने जळका वास आला. को हायने माझ्या खांद्यावर जोरात थापा मारल्या. मागच्या चाकात पेंढा गुंडाळला गेला होता, तापलेल्या सायलेन्सरला लागून त्यातून धूर निघत होता, आणि एका बाजूला ज्योतही दिसली. आम्ही दोघी उड्या टाकून उतरलो. कडेच्या घरातून एक बाई तांब्याएवढं भांडं घेऊन सावकाश आली, चाकावर पाणी ओतलं, कोयत्याच्या टोकाने पेंढा ओढून काढला आणि घरात परत गेली. तिच्या दृष्टीने हे रोजचंच होतं.

मला मात्र वाटलं, परत फिरावं. हे आपलं काम नाही. को हाय गाडीवर जाऊन बसली, मागच्या सीटवर, आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. माझ्यावर इतका भरवसा त्याआधी कुणी टाकला होता, मला आठवत नव्हतं. मी गाडी सुरू केली.

बाच्या वस्तीत पोचलो तेव्हा रस्त्यावर पाच-सहा बायका लाकडी दाताळ्यांनी भात उलटत होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर टोकदार टोप्या, तोंडाला फडकी. गाडी थांबली तशी त्यांतली एक जागच्या जागी थबकली. तिने फडकं खाली ओढलं. चेहरा को हायचाच, थोडा गोल, थोडा उन्हाने रापलेला. ती बघत होती. को हाय उतरली, दोन पावलं चालली आणि तीही बघायला लागली. पण भलतीकडे. तिची नजर बाच्या अंगावरून घसरून पुढच्या बाईवर गेली, तिथून झाडावर.

बाचा चेहरा मी बघत होते. आधी तो मऊ झाला होता. बहीण बघून न बघितल्यासारखं करते आहे, असं तिला वाटलं असणार. हळूहळू तो बंद होत गेला. तिने फडकं परत नाकावर चढवलं आणि दाताळं उचललं.

फोन काढायला वेळ नव्हता. माझ्या पन्नास शब्दांतले दोन मला सापडले. मी डोळ्यांवर हात ठेवून म्हटलं, "खोम थाय." दिसत नाही. मग को हायकडे बोट करून परत म्हटलं, "को हाय, खोम थाय."

दाताळं खाली पडलं. बा भाताच्या मधूनच चालत आली, पायांखाली दाणे उडवत. को हायच्या अगदी तोंडासमोर येऊन उभी राहिली, टोपी काढली, फडकं काढलं. को हायने दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी. मग को हाय काहीतरी पुटपुटली आणि सगळ्या बायका हसल्या. संध्याकाळी मी तिला विचारलं, काय म्हणालात? फोन म्हणाला, "जाड झाली आहेस."

दुपारपर्यंत आम्ही तिघींनी भात उलटलं. दाताळी कमी होती. मी चपला काढल्या आणि पायांनी रेघा ओढत गेले, आई विचुंब्याच्या खळ्यात ओढायची तशा. बा उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती. तिने खुणेने विचारलं, शेतकरी? मी मान डोलावली. शेत आता राहिलं नाही, त्यावर सात मजली बिल्डिंगा आहेत, हे सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते, आणि त्या घटकेला सांगावंसंही वाटलं नाही. पाय सगळं विसरले नव्हते.

रात्री जेवताना मंगेशला हे सगळं सांगितलं. सांगता सांगता माझं जेवण थंड झालं.

"तू गाडी चालवलीस?" तो म्हणाला. "फेरी क्रॉस करून?"

"हो."

"शिकतेस हेपण मला नाही सांगितलंस."

"तू विचारलं नाहीस."

त्याने माझ्या ताटात गरम भात वाढला. मग म्हणाला, "रविवारी मला बसवशील मागे?"

रविवारी तो बसला. त्याला हात कुठं ठेवायचे कळेना. आधी सीटला धरलं, मग माझ्या खांद्याला. कालव्याच्या कडेने आम्ही बरंच लांब गेलो. आणि एका ठिकाणी, माझ्या पाठीशी, तो बोलायला लागला. मला मागे बघता येत नव्हतं, त्यामुळेच त्याला बोलता आलं असेल.

"निशा, मी तिथं बारा तास ऑर्डरी देतो, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही. घरी येतो तर तू गप्प. मला वाटायचं, मीच तुला इथं आणून बसवलंय, आता काय तोंडाने विचारायचं, कशी आहेस म्हणून. तू तिकीट काढलंस, मला वाटलं, तुझी सुटका होतेय तर आपण कशाला अडवायचं."

"मला वाटलं, तुला फरकच पडत नाही."

"फरक?" तो म्हणाला. त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं मला कळलं. मी गाडी थांबवली नाही. तसंच चालवत राहिले, तू तू.

तिकीट रद्द केलं. आम्ही तिथं आणखी तीन वर्षं राहिलो. मूल झालं नाही, पण ते न झाल्याचं दुःख आम्हाला एकत्र बोलता यायला लागलं. हे केवढं मोठं असतं, ते ज्यांच्या घरात असं मौन राहून गेलंय त्यांनाच कळेल.

आता मंगेश तळोज्याच्या एका कारखान्यात आहे आणि मी परत लॅबमध्ये. मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणते. सकाळी रोडपालीच्या सेक्टरमधले मधुमेहवाले आजोबा, मग विचुंबे, मग नेरे. आधी लोक विचारायचे, मॅडम, तुम्ही स्कूटी का नाही घेत? मी म्हणायचे, मला हीच येते. गावातल्या म्हाताऱ्या बायका सुई टोचताना डोळे मिटून घेतात. त्यांचे डोळे उघडले की मी सवयीने बुबुळांकडे बघते. कुणाच्या डोळ्यांत सारा, म्हणजे तसलाच दुधाळ पडदा, दिसला तर तिथंच बसते आणि को हायची गोष्ट सांगते. दोघी-तिघी त्यानंतर ऑपरेशनला तयार झाल्या आहेत. भीती कशाची वाटते ते त्या आधी मला सांगतात, मग घरच्यांना.

को हायला तयार केलं ते बाने. ती नदी ओलांडून आली, बहिणीच्या घरी आठ दिवस मुक्काम ठोकून बसली आणि म्हणाली, तू हॉस्पिटलला येत नाहीस तोवर मी जात नाही. एक डोळा आधी झाला, तीन महिन्यांनी दुसरा. पट्टी काढली त्या दिवशी को हाय घरभर फिरून जळमटं शोधत होती, आणि इतकी सापडली की दिवसभर आम्हाला झाडायला लावलं.

आम्ही तो देश सोडून निघालो तेव्हाही कापणीच चालू होती. मंगेश सामान घेऊन टॅक्सीने पुढे गेला. मी खाली आले तर को हाय ओट्यावर जॅकेट घालून तयार, टेबलक्लॉथ घडी करून बाजूला ठेवलेला. मी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने मान हलवली आणि मागच्या सीटवर थोपटलं.

मी मागे बसले. पहिला किलोमीटर ती फार हळू गेली, मग एकदम सैल सुटली. तीन वर्षं मी तो रस्ता पुढे नजर लावून पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा बाजूचं दिसलं: कालव्यात हात धुणारी बाई, दारात वाळणाऱ्या मिरच्या, पेंढ्यावर झोपलेलं कुत्रं. एस.टी. स्टँडसारखाच तिथला बसस्टँड. तिने मला उतरवलं, माझी कॉलर नीट केली. इंजिन बंद केलंच नाही. बा वाट बघत असेल, ऊन चढायच्या आत भात उलटायचं आहे, असं ती तिच्या भाषेत म्हणाली. ते मला फोनशिवाय कळलं. मग गिअर टाकला आणि गेली. मी बघत उभी राहिले. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुढे रस्ता होता, आणि तो तिला नीट दिसत होता.